पडद्यामांगची वाल्ट्झ

१

“तुह्यंच काम हाये हे, भग्या! तुले सोताले वाजवता येत नाई, म्हनून आमचा बाजा मुका केला!”

पंजाबनं माह्या सदऱ्याची गळपट्टी धरली होती. त्याच्या तोंडातल्या पानाचा वास सीधा माह्या नाकात. मी म्हनलं, “हात काढ. नाईतर बोटं मोडीन, मंग वाजवजो वाल्ट्झ कोपरानं.”

त्यानं एक ठेवून देली. ओठ फुटला. दिवाणखान्यात सारे बसले होते, पन कोनी जागचं हाललं नाई. शापूरजी शेठ तपकीर ओढत राह्यला. पॉट्स मडमनं हातमोज्याची बोटं सरळ केली. मोठेबाबा लोडाले टेकून होते, त्यायनं नुसतं आंगठीकडं पाह्यलं. मले मारलं याचं कोनाले काही नाई, बाजा बिघडला याचंच साऱ्यायले दुःख.

मी भगवंत. आमी मूळ वलगावचे. माय-बाप पटकीत गेले, तवापासून मी अन् माह्यी मोठी बहीन शकुन अक्का, दोघंई मोठ्या बाबाच्या घरी. मोठेबाबा म्हंजे खुशालराव, माह्या बापाचे मोठे भाऊ. पंजाब म्हंजे त्यायचा एकुलता एक. तिकडं अमेरिकेत गोरे आपसात लढून राह्यले, तिकडचा कापूस बंद पडला, म्हनून आमच्या वऱ्हाडी कापसाले असा भाव आला की मोठ्या बाबानं गाडीच्या चाकाले चांदीच्या धावा बसवल्या, अमरावतीत नागपुरी दरवाज्याजवळ नवं घर बांधलं, अन् मुंबईहून बैलगाडीत घालून पियानो आनला. गावात त्याले सारे बाजा म्हनतात. शाळा मी सोडली, कारन पंतोजीनं पाटी डोक्यावर मारली तर मी थेच पाटी त्याच्या डोक्यावर मारली. बाजा मात्र सोडला नाई.

अकोल्याले असे दोन बाजे हायेत. एक पॉट्स मडमचा. तिचा साहेब कापूस घेते. दुसरा शापूरजी पारश्याचा. थो त्याच साहेबासाठी कापसाची परख करते. तिसरा आमचा. म्हनून मंडळी जमली. एक खेप अकोल्याले, एक खेप अमरावतीले. वाजवाची फक्त वाल्ट्झ, नाचाची तीन ठेक्याची चीज, पहिला ठेका जड अन् दोन हलके. एकानं वाजवाची अन् बाकीच्यायनं तिचे वाभाडे काढाचे. वाजवनारानं पडद्यामांगं बसाचं, हा मडमचा नेम. तिचं म्हननं, तोंड दिसलं की मानूस गोड बोलते. मले वाटते ज्याचा कापूस घ्याचा त्याच्या तोंडावर वंगाळ बोलता येत नाई, म्हनून पडदा.

त्या दिवशी मडमची झाली. शापूरजीची झाली. माह्यीबी झाली, अन् शापूरजी म्हने, “डिकरा, वाल्ट्झ होती के बैल उधळले?” मंग सारे जेवाले उठले, दिवाणखाना रिकामा झाला. जेवून आल्यावर पंजाब पडद्यात गेला अन् ‘रडकी’ सुरू झाली. त्या वाल्ट्झीचं विलायती नाव आमाले बोलता येत नाई, म्हनून आमी तिले रडकी म्हनतो. पंजाबची रडकी म्हंजे अकोल्यापर्यंत नाव. पन सुरू झाली अन् चार घरं पुढं जाते तं उजव्या हाताचे सूर घुसमटले. डावा हात चालून राह्यला अन् उजवा, जशी कोनी कोनाच्या तोंडावर उशी दाबली. मडम फिसकन हसली. बाजा थांबला, पंजाब पडदा बाजूले सारून भाईर आला अन् त्यानं सीधं मलेच धरलं.

अन् पंजाब असा मले धरून उभा असतानी, दिवाणखान्याच्या मधात, साऱ्यायच्या डोळ्यादेखत, पडद्यामांगं बाजा वाजला.

एकच सूर. मंग त्याच्या बाजूचा. मंग आनखी एक. जसं कोनी बोट फिरवून कुठं दुखते थे पाहून राह्यलं.

२

मोठेबाबा उठले. पडदा त्यायनं ओढला नाई, फाडला.

स्टुलावर माह्यी अक्का बसली होती. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, अन् एक हात अजून बाज्याच्या पट्ट्यायवर. तिनं आमच्याकडं पाह्यलंबी नाई. म्हने, “आत काहीतरी अडकलं हाये.”

मले हे ठाऊक होतं. दोन सालापासून ठाऊक होतं. पंजाबले शिकवाले मडम येत जाय, अन् परक्या बाईसंग जवान पोरगा एकटा बसू नये म्हनून अक्काले तिथं बसवत. पंजाब जांभया देत शिकला, अक्का वाती वळता वळता शिकली. मंग मंडळी जमली तवा पंजाबनं तिले मांगच्या दारानं पडद्यात आनून बसवलं, अन् वाहवा आपन घेतली. अक्का मले म्हने, “घेऊ दे. मले वाजवाले भेटते ना.” म्हनून मी गप होतो.

“माह्या घरची रांडमुंड पोट्टी,” मोठेबाबा म्हनाले, “चार लोकायत बाजा वाजवते!”

वलगावात होतो तवा आमच्यात इधवेचा पाट लागत जाय. अक्काले दोन ठिकानं सांगून आली होती. पन चाकाले चांदी लागली अन् पाट बंद झाला. आता आमी मोठे लोक, आमच्यात तसं करत नाई म्हने. 

पॉट्स मडमनं तवर बाज्याचं वरचं झाकन उचललं होतं. आत तारा, तारायपुढं लहान लहान हातोड्या. तारा अन् हातोड्यायच्या मधात पांढरं पांढरं. तिनं दोन बोटायनं एक झुबका ओढून काढला. “कपास,” मडम म्हने, जशी मेलेली घूस काढली.

पंजाबनं झुबका हातात घेतला अन् त्याचा चेहरा उजळला. “बाबा, हा बाजारातला कापूस नोय. देवकापूस हाये, मांगच्या आंगनातल्या झाडाचा. त्याच्या वाती कोन वळते या घरात? हेच! मले बदनाम कराले हिनंच टाकला!”

“मी नाई टाकला,” अक्का म्हने. “मी काहून माह्याच तोंडात बोळा कोंबू?”

मोठ्या बाबानं ऐकलं नाई. “बाजा वाजवला, थे एक वेळ पोटात घातलं असतं. पन माह्या पोराचं नाक कापलं. ऊन कललं की गाडी जुंपा. रिद्धपूरच्या मठात नेऊन सोडा हिले. देवाचं नाव घेईन अन् बाजा इसरीन.”

रिद्धपूरचं नाव आमच्या घरी मानानंच घेतात, मोठी माय, मोठ्या बाबाची बायको, तर हात जोडते. पन देवाकडं आपल्या पायानं जानं येगळं अन् घरची अडगळ म्हनून धाडनं येगळं. अक्कानं पट्ट्यायवरचा हात हळूच काढून मांडीवर ठेवला. तिचा चेहरा मी माय मेली तवाबी असा पाह्यला नव्हता. तिथं बाजा नाई.

मी म्हनलं, “अन् तिनं टाकला नसन तर?”

“तर नाई धाडत.”

“साऱ्यायपुढं बोलले तुमी.”

“हो, साऱ्यायपुढं. ऊन कलेपर्यंत सांग कोन थे. नाईतर गाडी तुलेच हाकाची हाये.”

३

कापूस मी एका पितळी ताटात काढला. सारा, एक-एक झुबका, अन् कोनत्या पट्टीच्या मांगून निघाला थे पाहून पाहून. मडम बाजूच्या खोलीत चहा पेत बसली होती. मी तिलेच आधी धरलं.

“मडमसाब, सकाळी मंडळी बसाच्या आधी बाजा वाजत होता, थो ऐकला का?”

“सुबह हम सुना. बहुत अच्छा. हम समझा पंजाबराव प्रॅक्टिस करता.” तिनं कपात पाह्यलं अन् खोटं बोलनाऱ्या मानसासारखी आनखी साखर घातली.

“तुमाले ठाऊक होतं पंजाब वाजवत नाई म्हनून.”

“लडका, उसका हाथ हम दो साल देखा. वो हाथ से रडकी नहीं निकलता.” तिनं बिस्कूट बुडवलं. “मगर साहब को तुम्हारा काका का कपास चाहिए. हम क्यों बोले?”

ज्या बाईनं खरं बोलाले पडदा लावला थेच बाई असं म्हने. मले तिच्या त्या बिस्कुटाचीबी शिसारी आली.

शापूरजी ओसरीवर होता. खिशातून कापसाचा नमुना काढून दोनई आंगठ्यायच्या मधात ओढून राह्यला होता. झुबका ओढाचा, तोडाचा, जोडाचा, पुन्हा ओढाचा. धागा किती लांब थे असं पाहतात. त्याची सवयच हाये थे, जेवतानीबी एक हात चालूच. मी ताटातला झुबका उचलून पाह्यला. ताटातले धागेबी तसेच होते. गुंतलेले नाई, सारे एका अंगानं, ओढून ओढून सरळ केलेले.

“शेठजी, हा कापूस ओढेल हाये. तुमी ओढता तसा.”

त्याचे आंगठे थांबले. “मला चोर म्हणते?”

“मले सांगा. मांगच्या खेपेले अक्काच्या... पंजाबच्या रडकीपुढं तुमची वाल्ट्झ पडली. मडम म्हने तुमची वाल्ट्झ पोट भरलेल्या म्हशीसारखी चालते. तुमी जेवलेबी नाई.”

“नाय जेवलो,” थो म्हनला. “अडीच दिवस नाय जेवलो. पण डिकरा, ऐक. त्या पोरीचं वाजवणं ऐकायला मी अकोल्याहून हाडं मोडत येतो.”

“पोरीचं? म्हंजे तुमालेबी आधीपासून ठाऊक?”

“कान हाय मला. पंजाबराव आत असताना पडद्याखालून त्याचे जोडे दिसत. कधी ठेका धरत नव्हते. जो वाजवते त्याचा पाय ठेका धरल्याबिगर राहते काय?”

अन् इतकं ठाऊक असून हा बुढ्ढा गप. साऱ्यायले ठाऊक, अन् सारे दाद पंजाबले देत. मी ताट घेऊन उठलो तर शापूरजी मांगून म्हनला, “तुझी बोटं बघ.”

मी पाह्यली. माह्या बोटायले राखाडी लागली होती. झुबक्याच्या टोकाले राख होती.

४

राख लागते वाती वळाले. बोट राखेत टेकलं की धागा सरकत नाई. शापूरजीच्या बोटाले राख काहून लागन? म्हंजे झुबका वातीसारखा ओढला होता, परखीसारखा नाई. अन् घरात वाती अक्काच वळते. मी जेवढं खोदून राह्यलो होतो तेवढी अक्काच आत जाऊन राह्यली होती.

मी परत बाज्याजवळ गेलो. ज्या पट्ट्यायमांगून जसा निघाला तसा कापूस मनात परत भरला. उजव्या टोकाले, जिथं मच्छरासारखे बारीक सूर हायेत, तिथं ठासून. मंग जसं मधाकडं यावं तसा इरळ, इरळ, अन् मधात येऊन संपला. मी रडकी वाजवून पाह्यली, मले येते तशी. त्या टोकाच्या सुरायपर्यंत तिचा हात जातच नाई. आमची कोनतीच वाल्ट्झ तिथवर जात नाई. त्या पट्ट्या तर कोऱ्या बसून हायेत.

म्हंजे ज्यानं हे केलं त्याले रडकी बाज्यात कुठं राहते थे ठाऊकच नव्हतं. अक्कानं टाकला असता तं डोळे मिटून मधात टाकला असता. मडमनं, शापूरजीनं, मीबी. अर्धा कापूस कोनी फुकट घालवला नसता.

पंजाब? त्याले रडकीच्या पहिल्या दोन ओळी येतात. तेवढ्यात कळते की हात मधात राहते. पन त्याचं तोंड मले पाहाचंच होतं.

थो गोठ्यामांगं बसून पान थुकून राह्यला होता, चुन्यानं सारवलेल्या भिंतीवर. लाल पट्टे उतरून राह्यले होते.

“अकोल्याले पुढच्या खेपेले तुले बिनपडद्याचं वाजवाचं होतं ना?” मी म्हनलं. “मुंबईहून येनाऱ्या मोठ्या साहेबापुढं. मडमनं सकाळी चहापानी करतानी सांगतलं मोठ्या बाबाले. तुह्यी फजिती होनार होती. बाजा मुका झाला तर तू सुटला.”

“अक्कल हाये का तुले?” थो हसला, दात लाल. “बाजा अकोल्याचा वाजवाचा होता, मी इथला काहून बिघडवू? अन् थो पडदा म्हंजे माह्यं छप्पर होतं, भग्या. कोनी आपलंच छप्पर पाडते का?”

खरं होतं. मले त्याचंच वाईट वाटलं की खरं होतं.

“अन् तुह्या अक्कालेबी थो पडदा आवडे,” थो म्हनला अन् मिशीवरून बोट फिरवलं. “इचार तिले.”

त्याच्या बोलन्यात काय होतं थे मले तवा कळलं नाई, पन हाताले कळलं असन. मी त्याच्या नाकावर दिली. त्यानं माह्या फुटल्या ओठावर परत दिली. मी तोंड धुवाले मांगच्या आंगनात आलो, जिथं थो देवकापसाचा झाडोरा हाये.

पौषाची थंडी, त्यात आंगनात सावली. दोरीवर मोठ्या मायचं सकाळचं लुगडं वाळून कडक झालं होतं. अन् त्याच्या बाजूले दुसरं. हिरवं, तिचंच, खालच्या काठातून पानी टिपकून राह्यलं होतं.

आमच्या घरी बाया सकाळी एक डाव आंघोळ करतात. अशा थंडीत भरदुपारी दुसऱ्यांदा कोन डोक्यावरून पानी घेते?

मी तिथंच थांबलो. ओठाचं रगत हनवटीवर आलं, पुसाचंबी सुचलं नाई.

५

मोठी माय चुलीपुढं बसून होती. केस ओले, पाठीवर मोकळे, अन् दात वाजून राह्यले होते.

मोठी माय म्हंजे गोदाबाई. घर मोठं झालं तसं तिचं सोवळं मोठं झालं. बाजा आला त्या दिवशी कोनीतरी तिले सांगतलं की पट्ट्या हत्तीच्या दाताच्या हायेत. तिनं कपाळाले हात लावला, “म्हंजे हाड!” म्हने, अन् तवापासून त्या बाज्याले तिनं फडकंबी लावलं नाई. पुसाचं काम अक्काचं.

“मोठी माय, आज दुसऱ्यांदा आंघोळ काहून केली?”

“इटाळ झाला.”

“कायचा?”

तिनं लाकूड आत सारलं.

“हाडाचा,” मी म्हनलं. “सारे जेवत होते तवा तू कापूस टाकला, मंग पट्टी दाबून पाह्यली, आवाज बंद झाला का म्हनून. मंग हाताले हाड लागलं म्हनून न्हाली. अक्काले वाती वळाले तूच शिकवलं, राख तूच लावते. अन् उजव्या टोकाकडं खिडकी हाये, उजेड तिथं. तिथूनच तू भरत आली. तुले रडकी कुठं राहते थे काय ठाऊक.”

“इतकं डोकं शाळेत चालवलं असतं तं पंतोजी झाला असता,” मोठी माय म्हने. तिनं नाई म्हनलं नाई. मीच बावचळलो. मले वाटलं होतं रडन, शिव्या देईन.

“अक्कानं तुह्यं काय घोडं मारलं होतं? तुले ठाऊक होतं पडद्यात थे बसते. बाजा अडकला की पडदा उघडनार, थे सापडनार, थे तुले पाह्यजेच होतं!”

“हो.”

“काहून?”

मोठ्या मायनं मान वर केली. “तुमी सारे त्या पडद्याले कान लावून बसता. वाहवा करता. मी मांगच्या दाराच्या फटीतून डोळ्यानं पाह्यलं. तिचे दोनई हात त्या बाज्यावर राहतात. उचलले तं वाजनं थांबते अन् साऱ्यायले कळते. अन् माह्या पोराचे हात मोकळे राहतात.”

चुलीत लाकूड फुटलं. मले पंजाबचे थे जोडे आठवले, कधी ठेका न धरनारे. त्या मिशीवरचं बोट आठवलं. मी मोरीत जाऊन ओकलो. रडकी वाजता वाजता मधात अडखळे, अन् शापूरजी म्हने, वा, काय दर्द हाये! आमी तिच्या त्या अडखळन्याचीबी तारीफ केली होती.

परत आलो तं मोठी माय तशीच बसून. 

“मंग पंजाबले हाकलाचं होतं.”

“पोटच्या लेकाले कोन हाकलते, पोरा? पोरीलेच काढा लागते. रिद्धपुरात तिच्या अंगाले कोनी हात लावनार नाई.”

“तिले इचारलं?”

“तिले काय इचाराचं? मले कोनी इचारलं होतं का कधी?”

मले तिची कीव आली नाई, खरं सांगतो. किळस आली, अन् तिनं जे केलं त्याच्यापेक्षा जास्त कोनीच केलं नव्हतं, मीबी नाई, म्हनून आनखीच आली.

६

भाईर बैलायच्या घुंगराचा आवाज आला. मी दिवाणखान्यात गेलो अन् सारं सांगतलं. राख, देवकापूस, उजवं टोक. “ज्यानं टाकला त्याले बाजा येत नाई. म्हंजे अक्का नोय, शेठजी नोय, मडम नोय, पंजाब नोय.”

“मंग काय मी टाकला?” मोठेबाबा गरजले.

“मी टाकला.”

मोठी माय दारात उभी होती. परकं मानूस बसलं असतानी थे दिवाणखान्यात कधी आली नव्हती. ओले केस तसेच, पदर डोक्यावर.

“तू? काहून?”

तिनं पंजाबकडं बोट केलं. “याले इचारा. पडद्यात याचे हात कुठं राहत, थे इचारा.”

पंजाब उठला अन् दरवाज्याकडं निघाला. कोनी त्याले थांबवलं नाई. मडमनं कप खाली ठेवला, अन् मंग मले जे पाहा लागलं थे मी इसरनार नाई. मोठ्या बाबाले कळलं. साफ कळलं, त्यायचे डोळे खाली गेले. अन् मंग आंगठी फिरवत म्हनाले, “गाडी जुंपली हाये.”

“तुमी साऱ्यायपुढं बोलले होते!” मी वरडलो. “तिनं टाकला नसन तर नाई धाडत म्हनून!”

“कापूस कोनं टाकला, याच्याशी आता काय करा लागते? घरात आग अन् लोनी एका ठिकानी कसं ठेवाचं? थे जाईन. तूच नेऊन सोड.” मंग मडमकडं वळून, एकदम गोड आवाजात, “साहेबाले सांगजा, यंदाचा माल चोख हाये.”

मडम म्हने, “जरूर.”

अक्का गाडीजवळ उभी होती, बोचकं काखेत. मी तिले म्हनलं, “तू मले सांगतलं काहून नाई?”

“तू त्याचा जीव घेतला असता. मंग तू फासावर अन् मी रिद्धपुरात. अन् बाजा गेला असता थे आनखी येगळं.” थे थोडी हसली. “बाज्यासाठी सोसलं, भगवंता. मलेच माह्यी शिसारी येते.”

“तुह्यी काहून? तुह्यी नाई येऊ देत मी.”

तेवढ्यात शापूरजी घराच्या मांगून आला, इकडं-तिकडं पाहत. बारीक आवाजात म्हने, “पोरी, अकोल्याला चल. माझी म्हातारी माय घरात एकटी हाय, बहिरी हाय, तिच्या जोडीला राहा. पियानो हाय. मोठ्या साहेबाच्या जलशात पडदा लावू. मी आत जाईन, तू वाजवशील, कोणाला...”

त्याचं त्यालेच ऐकू आलं असन. थो मधातच थांबला. त्याच्या आंगठ्यायत कापूस नव्हता तरी आंगठे चालून राह्यले होते.

मी हात उगारला. अक्कानं थो धरला.

“शेठजी,” थे म्हने, “पडद्यामांगं नाई. कोनाच्या नावानंबी नाई. साऱ्यायच्या समोर बसीन, शकुन म्हनून बसीन. वाजवलेलं नाई आवडलं तं तोंडावर शिव्या द्या. अन् माह्या संग माहा भाऊ राहीन.”

“इधवा बाई... लोक बोलणार.”

“तुमी वाल्ट्झवर बोलता थे काय कमी असते?”

शापूरजीनं तपकिरीची डबी काढली, उघडली नाई, परत खिशात टाकली. “पुढच्या खोलीत हाय पियानो,” थो शेवटी म्हनला. “पडदा उतरवतो. मायला सांगतो दोन पानं जास्त वाढायला.”

मले त्याच्यावरबी भरवसा नाई. दोन साल ठाऊक असून जो गप राह्यला, थो उद्या साहेबापुढं बोलन कशावरून? पन त्यानं नाई लावला पडदा तर ठीक, अन् लावला तर मी हाये तिथं, अन् पंतोजीची पाटी मले अजून उचलता येते.

मोठेबाबा समजून राह्यले गाडी रिद्धपूरले चालली. समजू द्या. मी हे ओसरीवर बसून लिवून राह्यलो, कारन आमी गेल्यावर पंजाब बाजारात सांगत फिरन की बहीन-भाऊ बाजा बिघडवून पळाले. लिवलेलं मोठ्या मायच्या चुलीजवळ ठेवतो. तिले वाचता येत नाई, पन थे जाळनार नाई. पंजाबले दाखवाचं का नाई, थे तिचं तिनं ठरवावं.

बैल पाय आपटून राह्यले. अक्का गाडीच्या फळीवर बोटं वाजवून राह्यली, एक जोरात, दोन हळू, अन् आता हाका मारून राह्यली, चाल ना बे म्हने. मले निघा लागते.